साडेसत्त्याऐंशी फूट

कापूस फुटायला लागला की माझ्या नाकाला फक्कीचा वास येतो. फक्कीची पोती अजून स्टोअरात तशीच बांधलेली असतात, कुणी त्यांचं तोंडही सोडलेलं नसतं, तरी येतो. दसरा होऊन गेलेला असतो. पहाटे गवतावर दव पडतं आणि दहा वाजता ऊन असं चढतं की डोक्यावरचा पदर तापतो. रस्त्यानं कापसाचे ट्रॅक्टर जातात. त्यांच्यातून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लागून राहतो, आठ-आठ दिवस तिथेच हलत राहतो. बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला निघतात. मीही त्यांच्याबरोबर निघते, पण कॉलेजच्या मागच्या फाटकाशी वळते. माझं शेत तिथे आहे. त्यात काही उगवू द्यायचं नाही, एवढाच फरक.

पावसाळाभर ग्राउंडवर कुणी फिरकत नाही. गवत गुडघ्याच्या वर जातं, त्यात टिटवी अंडी घालते, मधल्या उंचवट्यावर कुत्री झोपतात. दसऱ्यानंतरचे वीस दिवस मात्र ते माझं असतं. गवत काढायचं. धुपून गेलेल्या जागी मुरूम पसरायचा. पाणी मारायचं, एक रात्र मुरू द्यायचं, सकाळी रोलर फिरवायचा. परत पाणी, परत रोलर. दिवाळीनंतर पोरंपोरी येतात तेव्हा जमीन अशी झालेली असते की टाच आपटली तर आवाज यावा. मग सगळ्यात शेवटी फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. दोरी धरून वाकून चालायचं आणि डब्यातून फक्की सांडत जायची. माझी रेघ सरळ येते. याचं मला कुणी कौतुक केलं तर मी मान खाली घालते, पण ती सरळ येते हे मला माहीत असतं.

इथे बेसबॉल खेळतात. वेचणीच्या बायका कुंपणापाशी थांबून विचारतात, "अक्का, हाई कोणता खेळ शे?" मी सांगते, एक चौकोन आहे, पण तो कोपऱ्यावर उभा केलेला. खालच्या कोपऱ्याला होम म्हणतात, तिथे बॅटवाला उभा राहतो. बाकी तीन कोपऱ्यांना बेस. मध्ये वीतभर उंचवटा, तिथून पिचर चेंडू टाकतो. चेंडू मारायचा आणि तिन्ही बेस शिवून परत घरी यायचं. एका म्हातारीनं हे ऐकून विचारलं होतं, "म्हंजे निंघना तठेच परत येवाना? मंग गया कसाले?"

होमपासून पहिल्या बेसपर्यंत नव्वद फूट. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत नव्वद. पुढेही तसंच. हा आकडा मी कधीच विसरणार नाही. त्याच्या मागचा दुसरा आकडा तर मुळीच नाही.

या वर्षी होमच्या मागच्या जुन्या दगडी पायऱ्यांवर पत्र्याचं छप्पर घातलं. खुर्च्या बसवल्या. आता त्याला सगळे स्टेडियम म्हणतात. दिवाळीनंतर उद्घाटन आहे, आणि आत शिरायच्या जागी काळ्या दगडावर ग्राउंडचा इतिहास कोरून लावायचा आहे. वैशाली मॅडम हे काम बघतात. त्या इथल्याच विद्यार्थिनी, इथेच पिचर होत्या, आता इथेच खेळाच्या मॅडम झाल्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला स्टोअरात गाठलं. मी फक्कीच्या डब्याची भोकं तारेनं मोकळी करत होते.

"अक्का, तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"ग्राउंड झालं तेव्हापासून."

"मग हे वाचा जरा. काही चुकलं असेल तर सांगा. सोमवारी कोरायला जाणार आहे. एकदा कोरलं की मग काही बदलता येणार नाही."

बारा ओळी होत्या. मी चौथी शिकलेली, पण छापलेलं मला नीट वाचता येतं. पहिल्यांदा शेत होतं, बरोबर. शेतमालकानं जमीन कॉलेजला दिली, बरोबर. महाजन सरांनी बेसबॉल आणला, बरोबर. मग ही ओळ आली: 'प्रारंभी मैदानाची आखणी पावलांनी मोजून करण्यात आल्याने तीत त्रुटी राहिली होती, पुढे ती शास्त्रशुद्ध पद्धतीने करण्यात आली.'

ही ओळ मी दोनदा वाचली.

"कसं वाटलं?" मॅडमनी विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हणाले आणि कागद परत दिला.

घरी येईपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते. ती ओळ खोटी आहे हे या जगात आता एकट्या मलाच माहीत आहे. सोमवार पाच दिवसांवर होता.

आखणी माझ्या सासऱ्यांनी केली होती. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नाना मूळचे साक्रीकडचे. पोट भरायला इकडे आले आणि या शेतावर वर्षाच्या बोलीनं सालदार म्हणून राहिले. शेत कॉलेजचं झालं तेव्हा बैलजोडीसकट नानाही कॉलेजचे झाले. कागदोपत्री शिपाई, पण पोरं त्यांना ग्राउंडमन म्हणायची. मी लग्न होऊन आले त्याच वर्षीची ही गोष्ट. माझंही माहेर साक्रीच्या बाजूला, डोंगराला लागून. इकडच्या केळीच्या बागा बघून मला वाटायचं, एवढं पाणी येतं कुठून?

महाजन सर एका उन्हाळ्यात कॅनव्हासची मोठी पिशवी घेऊन आले. निंबाखाली त्यांनी ती उघडली. दोन बॅटी, काही चेंडू, कातड्याचे हातमोजे. नानांनी एक मोजा हातात घातला, उलटासुलटा करून पाहिला.

"हाई काय शे सर? मध काढाना हातमोजा?"

"चेंडू झेलायचा, नाना."

"आन हाई?" नानांनी बॅटवाल्याच्या मागे बसणाऱ्या कॅचरचा जाळीचा मुखवटा उचलला. "हाई तं बैलनी मुसकी शे!"

मळणीच्या वेळी बैलांनी दाण्यांत तोंड घालू नये म्हणून तोंडाला बांधतात ती मुसकी. पोरं हसून लोळली. नंतर कित्येक वर्षं आमच्या कॉलेजात कॅचरला "चल, मुसकी बांध" असंच म्हणत. बाहेरगावच्या संघांना काही कळायचं नाही.

सरांना खेळ माहीत होता, नानांना माती. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं फाटते. तिच्या भेगेत चेंडू गेला तर हातानं काढावा लागेल. नानांनी सांगितलं, शेतात एक जागा अशी आहे जी कधी फाटत नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या खळं घातलं जायचं ती जागा. शेण, भूस, पाणी घालून, बैलांच्या खुरांनी तुडवून तुडवून ती दगडासारखी झाली होती. "तुमना चेंडू टाकनारा तठे उभा करा," नाना म्हणाले. सरांनी तसंच केलं. म्हणजे आमचा पिचर खळ्यावर उभा राहतो. मॅडमच्या बारा ओळींत हे नाही. मला ते नसलेलं चालेल.

चौकोनावर मुरूम टाकला. पण मुरमात खुंटी धरत नाही, हलते. म्हणून बेसच्या प्रत्येक जागी नानांनी घमेल्याएवढा खड्डा करून त्यात खळ्याची ती काळी मळलेली माती ठासायची ठरवली, आणि मग त्यात खुंटी. हे त्यांचं स्वतःचं डोकं. सरांच्या पुस्तकात असलं काही नव्हतं.

आखणीच्या आधी सरांना आठ दिवस बाहेरगावी जायचं होतं. त्यांनी कॉलेजच्या व्हरांड्यात अंबाडीचा नवा कोरा दोर टेपनं मोजला आणि तीन ठिकाणी लाल चिंध्या बांधल्या. एक चिंधी पिचरसाठी, एक बेससाठी, एक चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमधल्या आडव्या मापासाठी. "नाना, टेप मी नेतोय. हा दोर म्हणजेच टेप समजा." नानांनी तो घरी आणून खुंटीला टांगला.

मला तेव्हा घरात जेमतेम चार महिने झाले होते. मी कुणाशी बोलत नसे. बोलायचं नसलं की हात चालवायचे, म्हणजे लोक आपल्याला नाव ठेवत नाहीत, असं मला वाटायचं. खुंटीला नवा दोर दिसला. माझ्या माहेरी नवा दोर कधी कोरडा वापरत नाहीत. रात्रभर गुरांच्या पाण्याच्या डोणीत भिजवायचा, सकाळी वाळत घालायचा. पीळ घट्ट बसतो, हाताला काचत नाही, बैलाच्या मानेला काचत नाही. कुणी सांगायच्या आत काम केलेलं बरं म्हणून मी तो डोणीतल्या पाण्यात सोडला. सकाळी निंबाच्या फांदीवर टाकला.

नाना दात घासत बाहेर आले. "दोर कोनी भिजाडा?"

"मी."

त्यांनी दोर हाताच्या मुठीतून ओढून पाहिला. लाल चिंध्यांचा रंग थोडा उतरला होता. "बरं करं, पोरी," एवढंच म्हणाले. त्यांनी मला म्हटलेली ती पहिली चांगली गोष्ट. दिवसभर मी त्याच आनंदात होते. आमच्या दोघांच्या चार डोळ्यांना तो दोरच दिसला. त्यात माप बांधलेलं आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या दिवशी मी नानांना चौकोन आखताना पाहिलं. होम पायऱ्यांसमोर सिमेंटात आधीच बसवलेलं होतं. नानांनी तिथे दोराचं टोक धरायला मला बसवलं आणि स्वतः चिंधी धरून गेले. ताणायचे, खूण करायचे. परत ताणायचे. चारही बाजू मोजल्या, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवं मोजलं, मग दुसरीकडून आडवं. दोन बोटं फरक आला तर खुंटी उपटून परत ठोकली. कापसात बायका गात होत्या आणि मधूनमधून कापसाचा पुंजका उडत येऊन दोरावर बसायचा. नाना तो फुंकरीनं उडवायचे आणि मगच खूण करायचे. कापसाच्या पुंजक्यानं मापात काय फरक पडणार? पण ते फुंकर घालायचे.

ते दोन महिने मला असे आठवतात की जणू सगळं हवेतच होतं. कापूस हवेत, चेंडू हवेत, धूळ हवेत. मागे भिंत नव्हती, केळीची बाग होती. चेंडू केळीत गेला की होमरन, म्हणजे सगळे बेस शिवून आरामात घरी यायचं, असा सरांनी नियमच करून टाकला. चेंडू पानं फाडत आत शिरला की फाडफाड आवाज यायचा, आणि बागवाले भाऊ बांधावर येऊन ओरडायचे, "अरे, घडाला लागला तर तुझ्या बापाला लोंबकळायला लावीन तिथे!" पोरं ओरडायची, "भाऊ, चेंडू द्या, मग लावा." भाऊ चेंडू द्यायचे. पुढे पुढे तर ते स्वतःच हात वर करून होमरन झाल्याचं दाखवायला लागले.

आमची पोरं त्या हंगामात वाऱ्यासारखी धावायची. पहिला बेस तर पापणी लवायच्या आत. सर खूश. मग धुळ्याला एक मैत्रीचा सामना झाला आणि पोरं मान खाली घालून परत आली. एकामागून एक बेसच्या आधीच बाद झाले होते. एक जण म्हणाला, "सर, धुळ्याचा बेस लांब होता."

"बेस लांब नव्हता," सर म्हणाले, "तुझे पाय आखूड होते."

सगळे हसले. पाण्याची कळशी घेऊन मीही तिथेच होते, मीही हसले. बिचारा खरं बोलत होता.

त्या वर्षीची कॉलेजांची स्पर्धा आमच्याकडे व्हायची होती. आधी ग्राउंडची पाहणी. स्पर्धा भरवणारे दोन साहेब आले. एकाच्या हातात लोखंडी टेप होता, उन्हात चमकणारा. होमवर एक पोरगं टेपचं टोक धरून बसलं, साहेब पहिल्या बेसला गेले, वाकले, परत वाकले.

"साडेसत्त्याऐंशी," ते म्हणाले.

सर म्हणाले, "परत बघा."

परत साडेसत्त्याऐंशी. अडीच फूट कमी. पिचरचं अंतरही हातभर कमी. साहेब चांगले होते, त्यांनी तिथल्या तिथे नापास केलं नाही. चार दिवस दिले. चार दिवसांत झालं नाही तर स्पर्धा धुळ्याला.

सर वळले. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. "नाना, मी दोर दिला होता ना?"

मी पाच पावलांवर उभी होते. भिजल्यावर दोराचा पीळ घट्ट बसतो, आणि पीळ घट्ट बसला की दोर आखडतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त आखडलेल्या दोराचं कधी काही बिघडत नसे, म्हणून ते कधी आठवलं नव्हतं.

नानांच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं असावं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे.

"दोर मी लिधाच नही, सर. पावले टाकीसन मोजं. चुकी मनी शे."

"पावलांनी?" सरांनी कपाळाला हात लावला. "अहो नाना, पावलांनी कुणी बेसबॉलचं ग्राउंड आखतं का?"

पोरं हसली. साहेब हसले. नानाही हसले. जो माणूस कापसाच्या पुंजक्याला फुंकर घालून माप घेत होता, तो पावलांनी मोजलं म्हणून हसत होता.

घरी जाताना मी त्यांच्या मागे चालत होते. कसंबसं म्हणाले, "नाना, दोर मी..."

"गप ऱ्हाय." ते थांबले नाहीत. "तू आते उनी या घरमा. मना काय, मी म्हातारा मानूस. लोके हासतीन नि भुली जातीन."

पुढचे चार दिवस आम्ही सगळे ग्राउंडवरच होतो. तीन नवे खड्डे, नवी काळी माती, नव्या खुंट्या. होम तिथेच राहिलं, होमपासून निघणाऱ्या रेघाही त्याच राहिल्या, बेस तेवढे पुढे सरकले. उंचवटा हातभर मागे घ्यावा लागला, तर नानांनी बैलजोडी आणून तो खळ्यासारखा गोल गोल तुडवला. जुने खड्डे उकरून काढायला वेळ नव्हता. त्यांच्यावर बोटभर मुरूम पसरला आणि रोलर फिरवला. पाचव्या दिवशी साहेब टेप घेऊन आले. नव्वद. नव्वद. नव्वद. नव्वद. ग्राउंड पास झालं. स्पर्धेत आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला, पण बाहेरगावची पोरं टाच आपटून बघत होती आणि आपसात म्हणत होती, असं ग्राउंड नाही मिळत. मला तेच ऐकायचं होतं.

लोक हसले, पण विसरले नाहीत. दर स्नेहसंमेलनात सर ती गोष्ट सांगायचे. प्रेमानंच सांगायचे, त्यात माझी काही तक्रार नाही. "आमच्या नानांना नव्वद फूट चालायचे होते. साडेसत्त्याऐंशीवर नाना चहा प्यायला थांबले!" मांडव हसून डोलायचा. नाना पहिल्या रांगेत बसून डोळे पुसेपर्यंत हसायचे. मी मागे, पाण्याच्या पिंपाशी. दर वर्षी वाटायचं, उठावं आणि सांगावं. दर वर्षी पेले विसळत राहिले. नाना गेले त्यानंतरही गोष्ट राहिली. सरांकडून पोरांकडे, पोरांकडून त्यांच्या धाकट्यांकडे. वैशाली मॅडमनी ती अशीच ऐकली. त्यांची काय चूक?

आता एक गोष्ट सांगते, जी मी कुणाला सांगितलेली नाही. पावसाळ्यात वरचा मुरूम धुपतो. दसऱ्यानंतर मी ग्राउंडला पहिलं पाणी मारते तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मुरूम वाळून फिका पडतो, पण जुन्या खड्ड्यांतली काळी माती ओल धरून राहते. तीन काळे गोल दिसतात. प्रत्येक बेसच्या आत एक. मोठ्या चौकोनाच्या आत नानांचा लहान चौकोन. ऊन वर आलं की ते जातात. कुणी बघायच्या आत, सगळ्यात आधी, मी त्यांच्यावरून रोलर फिरवून घ्यायची. इतकी वर्षं हेच केलं. चूक झाकली म्हणजे नानांची लाज राखली, असं मी मानत होते.

ती ओळ वाचल्यावर दोन दिवस माझ्या डोक्यात ते गोलच फिरत होते. आणि शनिवारी गवत काढताना एकदम लख्ख दिसलं. चौकोन तीन बाजूंनी मोठा आणि एका बाजूनं लहान झाला असता, तर पावलांनी मोजलं हे पटलं असतं. माणसाचं पाऊल दर खेपेला सारखं पडत नाही. उन्हात आखूड पडतं, घाईत लांब पडतं. हे गोल मात्र चारही बाजूंनी सारख्याच अंतरावर आहेत. मी जे झाकत होते तोच नानांचा पुरावा होता.

शनिवारी संध्याकाळी मी पाणी मारलं. नेहमीपेक्षा जास्त. मग मॅडमना फोन केला. फोनवर बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो, म्हणून बोलायचं ते आधी मनात तीनदा म्हणून घेतलं होतं.

"मॅडम, उद्या सकाळी लवकर या. रोलर फिरवायच्या आधी. टेप आणा."

"का हो अक्का? काय झालं?"

"आल्यावर दाखवते."

त्या आल्या तेव्हा केळीच्या बागेवर धुकं होतं. मी बोट दाखवलं. फिक्या लाल मुरमावर तीन काळे गोल, घमेल्याएवढे. मॅडम आधी हसल्या, त्यांना वाटलं कुठे पाइप फुटला. मग दुसऱ्या बेसकडे पाहिलं, तिसऱ्याकडे पाहिलं आणि हसायच्या थांबल्या.

"हे जुने बेस?"

"मोजा," मी म्हणाले. होमवर टेपचं टोक धरून मीच बसले. त्याच जागी, तशीच.

"सत्त्याऐंशी फूट सहा इंच," मॅडम पहिल्या गोलावरून म्हणाल्या. आम्ही पुढे गेलो. "सत्त्याऐंशी सहा." मग तिसरीकडे. "सत्त्याऐंशी पाच." मग परत होमला. "सत्त्याऐंशी सहा." त्यांनी न सांगता आडवंही मोजलं, दोन्हीकडून. मग तिथेच मातीत उकिडव्या बसल्या.

"अक्का, सगळ्यांत मिळून एका इंचाचा फरक आहे. पावलांनी हे होणारच नाही."

"पावलांनी मोजलंच नव्हतं. दोरानं मोजलं होतं. दोर मी भिजवला होता."

एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली. बोलून झाल्यावर काही झालं नाही. टिटवी ओरडत होती, ओरडत राहिली. मग मी सगळं सांगितलं, डोणीपासून.

मॅडमनी तिथूनच महाजन सरांना फोन लावला. सर आता जळगावला मुलाकडे असतात, ऐकायला कमी येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मॅडमनी चारही आकडे एक एक करून सांगितले. सरांना दोनदा ऐकावे लागले.

"लाल चिंध्या," सर म्हणाले. "तीन चिंध्या मीच बांधल्या होत्या. म्हणजे दोर वापरला होता त्यांनी? अक्का आहे का तिथे?"

"आहे, सर," मी म्हणाले.

"अगं, नाना मला कधी काही बोलले नाहीत."

"तुम्ही स्टेजवर सांगायचात तेव्हा ते पहिल्या रांगेत हसायचे, सर."

"हो," सर म्हणाले. "सगळ्यांत मोठ्यानं हसायचे." मग म्हणाले, "वैशाली, ती ओळ काढ. मी लिहून देतो तुला नवीन."

"नको सर," मी म्हणाले. "मी सांगते. मॅडम लिहून घेतील."

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं: 'या मैदानाची पहिली आखणी नानांनी दोराने केली. दोर त्यांच्या सुनेने भिजवला होता, म्हणून तो आखडला आणि बेस अडीच फूट कमी आले. आखणी चारही बाजूंनी सारखी होती.'

"अक्का, सुनेचं कशाला? नुसतं भिजला होता म्हणू या."

"दोर आपोआप भिजत नाही, मॅडम."

त्यांनी तसंच राहू दिलं. मग नानांचं पूर्ण नाव विचारलं. ते सांगताना मी एकदा अडखळले. इतक्या वर्षांत ग्राउंडवर कुणी त्यांना पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. मी अक्षर अक्षर सांगितलं.

तोवर ऊन पायऱ्यांवरून खाली उतरलं होतं. शेजारच्या शेतात बायका आल्या होत्या, त्यांच्या ओट्या अजून रिकाम्या होत्या. तिसऱ्या बेसचा गोल कडेनं फिका व्हायला लागला. मॅडम गेल्या. मी रोलर आणला आणि होमपासून सुरुवात केली. सगळा चौकोन दाबून घेतला, उंचवट्याच्या भोवती फिरले, दोन्ही रेघांच्या जागा दाबल्या. नानांचे तीन गोल तेवढे सोडले. या वर्षी त्यांच्यावरून सगळ्यात शेवटी फिरवला.